अर्धा इंच

वाईहून पाचगणीकडे निघालेला रस्ता पसरणी गाव सोडतो आणि घाटाला लागतो. पुढच्या दहा-बारा किलोमीटरांत साडेपाचशे-सहाशे मीटरांची उंची चढायची असते. डावी-उजवीकडची वळणे घेत रस्ता वर सरकत जातो, खाली धोम धरणाचे पाणी आणि कृष्णेचे खोरे उलगडत जाते, आणि सायकलवर बसलेल्या माणसाला यांपैकी काहीही दिसत नाही. त्याला फक्त पुढच्या चाकासमोरचे दोन हात डांबर दिसते. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. चाळिशी ओलांडल्यावर वैद्यकीय सल्ल्याने सायकलकडे वळलो आणि नंतर सल्ला विसरून सायकलच्याच नादी लागलो. गेल्या मार्गशीर्षातील एका रविवारी याच घाटात, एका आवळ वळणावर, आमच्यापैकी एकाच्या सायकलीची साखळी दात्यांवरून घसरली. ती उतरली नाही, तुटलीही नाही, नुसती घसरली. पायडलवर सारा भार दिलेला असताना पायाखालची पायरी एकाएकी नाहीशी व्हावी तसे झाले. तोल गेला आणि स्वार रस्त्याच्या मध्यभागी आडवा झाला. मागून येणाऱ्या एस.टी.च्या चालकाने वेळीच ब्रेक लावला म्हणून हा लेख दोघांच्या वतीने लिहिता येतो आहे.

साखळी आठच दिवसांपूर्वी नवी बसवली होती. त्यामुळे गुडघ्याचे रक्त पुसता पुसता आम्ही पहिली गोष्ट कोणती केली असेल तर ती विकणाऱ्या शहरातल्या दुकानदाराचा उद्धार. माल नकली असणार, त्याने आपल्याला अडाणी समजून फसवले असणार, हा आमचा निष्कर्ष पाचगणीच्या बाजारापर्यंत सायकल ढकलत नेताना अधिकाधिक पक्का होत गेला. बाजारात सायकलदुरुस्तीचे एक जुने दुकान आहे. दुकान म्हणजे एक फळी, एक पाण्याची घमेली आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पाने. तेथल्या वयस्क मिस्त्रींनी सायकल उलटी केली, मागच्या दात्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारले, "सर, चेन नवी घातली, पण दाते जुनेच ठेवले की. जुनी चेन कुठंय?" ती घरी आहे असे आम्ही सांगितले. "मग पुढच्या येळेला येताना घेऊन या. मोजून बघू."

मोजून बघू, या दोन शब्दांनी आम्हांला जे वाचायला लावले त्याचा हा वृत्तांत आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याने प्रथम शब्दाकडे पाहावे. सायकल नवी होती तेव्हा मराठीने तिला 'पायगाडी' म्हटले. पुढे 'दुचाकी' आला, पण तो मोटारसायकल आणि स्कूटरने बळकावला, आणि बोलण्यात अखेर 'सायकल'च टिकली. पुष्कळांच्या तोंडी तर नुसती 'गाडी'. साखळीचे मात्र वेगळे झाले. हा शब्द आपल्याकडे पूर्वापार होता: दाराला साखळी, गुरांना साखळी, गळ्यात साखळी, पायांत साखळ्या. संस्कृतातील एका प्रसिद्ध सुभाषितात आशेलाही साखळीच म्हटले आहे. तरीही सायकलच्या साखळीला कोणी साखळी म्हणत नाही. ती 'चेन' असते, ती 'उतरते', 'सैल पडते', 'खाते'. आम्हांला वाटते, यात नुसती इंग्रजीची नक्कल नाही. आपल्या परंपरेतील साखळी बांधण्यासाठी होती. ही मात्र धावण्यासाठी होती. लोकांनी वेगळ्या कामाला वेगळे नाव दिले. (या लेखात आम्ही दोन्ही शब्द वापरणार आहोत, मिस्त्रींच्या दुकानात 'साखळी' म्हणालो असतो तर त्यांनी आम्हांला सोनाराकडे पाठवले असते.)

अखंड फिरणारी माळ आपल्याला अपरिचित होती असे नव्हे. विहिरीवरचे रहाटगाडगे ही माळच आहे. चीनमध्ये अकराव्या शतकाच्या अखेरीस सू सोंग याने उभारलेल्या घड्याळाच्या मनोऱ्यात गती वर पोहोचवण्यासाठी साखळी होती. लिओनार्दो द विंचीच्या माद्रिद येथे १९६० च्या दशकात पुन्हा सापडलेल्या वह्यांतही आजच्या साखळीशी जवळचे नाते सांगणारी रेखाटने आहेत. त्याच्याच नावावर खपणारे, साखळीसकट काढलेल्या सायकलीचे एक चित्रही १९७० च्या दशकात जगभर छापले गेले. ते कोणीतरी मागाहून घुसडलेले असावे असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. थोर पुरुषाने सगळे आधीच करून ठेवले होते, ही समजूत फक्त आपल्याकडेच आहे असे नाही, एवढाच दिलासा त्यातून घ्यायचा.

सायकलच्या साखळीचा खरा इतिहास कापडाच्या यंत्रांपाशी सुरू होतो. फ्रान्समध्ये गाल नावाच्या कारागिराने १८२९ च्या सुमारास पट्ट्या आणि पिना यांची साखळी केली होती. तिच्यात एक दोष होता. पट्टीची जाडी ती किती, आणि सगळा ताण त्या पातळ कडेवर येऊन पिनेला कापत जायचा. इंग्लंडमध्ये जेम्स स्लेटर याने १८६४ साली सुधारित साखळीचे पेटंट घेतले. हान्स रेनॉल्ड हा स्विस तरुण मँचेस्टरला आला आणि १८७९ साली त्याने स्लेटरचा सॅल्फर्ड येथील, कापडगिरण्यांच्या यंत्रांना साखळ्या पुरवणारा लहानसा धंदा विकत घेतला. १८८० साली त्याने बुश घातलेली रोलर चेन काढली. युक्ती साधी होती. आतल्या दोन पट्ट्यांच्या मध्ये एक पोकळ नळी, म्हणजे बुश, बसवायची. पीन त्या नळीतून जाईल आणि नळीच्या संपूर्ण रुंदीवर टेकेल. ताण कडेवर न येता रुंद पृष्ठभागावर वाटला गेला. नळीभोवती मोकळा फिरणारा रोलर घातल्याने दात्यांशी होणारे घर्षणही कमी झाले. तोवर सायकल म्हणजे पुढे प्रचंड चाक आणि त्यालाच जोडलेली पायडले. १८७९ मध्ये लॉसनने आणि १८८५ मध्ये स्टार्लीने मागचे चाक साखळीने फिरवले, दोन्ही चाके जवळजवळ सारखी झाली आणि पडल्यावर मान मोडण्याची भीती नसलेली सायकल जन्माला आली. पाठोपाठ १८८८ मध्ये डनलॉपची हवेची धाव आली.

याच १८८८ मध्ये आपल्या मुलखात एक लहानसे दुकान उघडले. ते बेळगावात होते. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा, गाव बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण डोळ्यांना रंगभेद नीट कळत नाही असे आढळल्याने रंग सोडून यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले आणि नव्यानेच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. मुंबईत सायकली दिसू लागल्या होत्या. लक्ष्मणरावांनी त्या मुंबईहून पाठवायच्या आणि वडील बंधू रामूअण्णांनी बेळगावात विकायच्या, अशी ही व्यवस्था होती. दुकानाचे नाव 'किर्लोस्कर ब्रदर्स'. आज पंप, इंजिने आणि विजेच्या मोटारी यांच्यामुळे माहीत असलेल्या या उद्योगसमूहाचा प्रारंभ म्हणून हे सायकलींचे दुकानच सांगितले जाते. अमेरिकेत राइट बंधूंचे सायकलींचे दुकान १८९२ मधले. १९०३ मध्ये उडालेल्या त्यांच्या विमानाचे पंखेही इंजिनाला साखळ्यांनीच जोडलेले होते, आणि दोन पंखे उलटसुलट फिरावेत म्हणून त्यांतली एक साखळी त्यांनी आठाच्या आकड्यासारखी पीळ देऊन बसवली होती. सायकलवाल्यालाच सुचावे असे हे काम आहे.

किर्लोस्करांच्या चरित्रात सायकलचा हा अध्याय सहसा दोन परिच्छेदांत उरकला जातो. लगेच कडबा कापण्याचे यंत्र येते, लोखंडी नांगर येतो. आमच्या मते तेथे थोडे थांबायला हवे. १८८८ ची बेळगावची सायकल संपूर्ण परदेशी होती. तिचा एक बुश झिजला तर तो बेळगावात कोठेही घडत नव्हता. अशा दुकानदाराला दोनच वाटा असतात. एक, झिजलेला भाग आगबोटीने येईपर्यंत गिऱ्हाइकाची समजूत काढत राहायचे. दोन, तो भाग कसा घडतो हे पाहायला लागायचे. लक्ष्मणराव १८९७ मध्ये नोकरी सोडून बेळगावला आले ते दुसऱ्या वाटेने चालू लागले. कडबा कापायचे यंत्र घडवले, आणि १९०३ च्या सुमारास नांगर केला. लोखंडाने जमिनीला विष होते या समजुतीमुळे तो नांगर विकला जायला बराच काळ लागला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. कमी सांगितली जाते ती दुसरी बाजू. नांगराचा फाळ झिजतो. काळ्या रानात आणि मुरमाड रानात तो वेगवेगळ्या गतीने झिजतो. लाकडी नांगराचा फाळ गावचा लोहार शेवटून देई; बिडाच्या फाळाला शेवटणे चालत नाही, तो बदलावाच लागतो. म्हणजे लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या घरात नांदायचा तर नांगरापेक्षा त्याचा बदलीचा फाळ अधिक महत्त्वाचा, आणि तो आधीच्या फाळाच्या जागी हुबेहूब बसणारा हवा. ही दृष्टी चित्रशाळेत मिळत नाही. सुटे भाग परदेशातून येणाऱ्या वस्तूंच्या दुकानात ती मिळण्याचा संभव पुष्कळ आहे, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

बेळगावच्या ठळकवाडीतून उठावे लागल्यावर औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनजवळ, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे; तेव्हा ते औंध संस्थान, आणि भोवतालचा मुलूख सातारा जिल्ह्याचा. (दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले.) रयत शिक्षण संस्था स्थापणारे भाऊराव पाटील एके काळी याच किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव फिरले, हे आमच्यासारख्या महाविद्यालयीन मास्तरांनी विसरू नये. असो.

आता मूळ विषयाकडे. साखळीच्या इतिहासात आम्हांला सर्वांत अद्भुत वाटणारी गोष्ट पेटंटात सापडत नाही. ती म्हणजे एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर. प्रारंभी ते एक इंच होते. मग निरनिराळ्या कारखान्यांची निरनिराळी मापे चालली. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात ते अर्ध्या इंचावर स्थिरावले. त्यानंतर ते हललेले नाही. इंच मानणाऱ्या इंग्लंडात ते अर्धा इंच राहिले यात नवल नाही. पण मीटरची जननी असलेल्या फ्रान्समध्ये, इटलीत आणि जपानमध्येही ते अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, एवढेच राहिले. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आली. शेर गेला, मैल गेला, पैशांचे पाव-आणे गेले. सायकलच्या चेनचा अर्धा इंच तेवढा तसाच उरला. तो मोडण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला होता. जपानच्या शिमानो कंपनीने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंदिस्त मैदानावरील शर्यतींसाठी दहा मिलिमीटर अंतराची साखळी आणि तिला जुळणारी चक्रे काढली. ती हलकी होती, छोटी होती आणि हिशेबाने बिनचूक होती. काही वर्षांतच ती बाजारातून गेली, कारण जगातल्या दुसऱ्या कोणत्याही चक्रावर ती बसत नव्हती. तिला काढणारी कंपनी आज सायकलच्या सुट्या भागांच्या बाजारात अग्रगण्य आहे, आणि तिची आजची प्रत्येक साखळी अर्ध्या इंचाची आहे. नवे शोध लावणाऱ्यांची नावे इतिहासात राहतात. सर्वांनी मिळून मान्य केलेल्या मापाला जनक नसतो, म्हणून त्याचा पुतळा होत नाही.

या मापाच्या जोरावर आपल्याकडे काय घडले ते पाहावे. स्वातंत्र्यानंतर सायकल देशात बनू लागली. मद्रासजवळ अंबत्तूर येथे टी. आय. सायकल्स १९४९ मध्ये उभी राहिली, सोनीपतची अॅटलस १९५१ मधली, लुधियान्याची हीरो १९५६ मधली. इंडियानापोलिसच्या डायमंड चेन कंपनीच्या सहकार्याने मद्रासकडे १९६० मध्ये साखळ्यांचा स्वतंत्र कारखानाही निघाला. कोणाची सायकल, कोणाची चेन, कोणाचे फ्रीव्हील, असे संमिश्र संसार गावोगाव चालले आणि ते बिनबोभाट चालले, कारण अंतर एक आणि रुंदीही एक: आत इंचाचा आठवा भाग. कारागिरांच्या भाषेत एक सूत. आमच्या लहानपणी तालुक्याच्या गावी तासावर सायकली देणारी दुकाने होती. नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला लावलेली, डबलसीट दिसली की पोलिसाने हवा सोडलेली, चेनकव्हरचा खुळखुळाट करणारी सायकल आम्ही तेथूनच घेऊन शिकलो. त्या दुकानदाराकडे चेन दुरुस्त करायला काय असे? हातोडी, एक बोथट खिळा आणि खाली ठेवायला एक मोठा नट. खिळा पिनेवर ठेवायचा, दोन टोले द्यायचे, पीन सरकली की कडी सुटली. बसवताना तीच पीन उलट बाजूने ठोकायची. चेन लांबली तर एक इंच काढायचा, मागचे चाक किंचित मागे ओढायचे. जोडायला चेनलॉक, आणि त्याची मासोळीसारखी पट्टी बसवताना बंद तोंड चेनच्या धावण्याच्या दिशेला ठेवायचे, एवढे एकच शास्त्र. साठ-सत्तर वर्षे या देशाची शाळा, टपाल, दूध, गिरणीची पाळी आणि वर्तमानपत्र या खिळ्यावर आणि नटावर चालले. त्याची नोंद औद्योगिक इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात आम्हांला सापडली नाही. इतिहास कारखान्याच्या फाटकापाशी थांबतो. वस्तूचे आयुष्य मात्र फाटकाबाहेर सुरू होते.

पुढे काय बिघडले? बिघडले म्हणावे की नाही, याविषयी आम्हां दोघांत मतभेद आहे. अंतर अर्धा इंचच राहिले, पण रुंदी आवळत गेली. गिअरची सायकल युरोपात जुनीच. मात्र फ्रान्सच्या जगप्रसिद्ध शर्यतीत एका दात्यावरून दुसऱ्यावर साखळी ढकलणाऱ्या यंत्रणेला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. त्याआधी स्वार चाक काढून उलटे बसवत आणि मग घाट चढत. मागच्या चक्रांची संख्या पाच झाली, सहा झाली, सात झाली. १९८४ मध्ये शिमानोने खटक्यावर चालणारा गिअर आणला. बोटाने कळ दाबली की साखळी नेमकी एकच चक्र सरकते. मग शर्यत चक्रांच्या संख्येची लागली. इटलीच्या कंपान्योलोने २००० मध्ये दहा, २००८ मध्ये अकरा आणि २०१८ मध्ये बारा चक्रे दिली. मागच्या चाकाला जागा तेवढीच, चक्रे अधिक, म्हणून साखळी बारीक. आठ चक्रांच्या साखळीची बाहेरची रुंदी सात मिलिमीटरांहून थोडी अधिक असते. दहाची सहाच्या आसपास, बाराची सव्वापाचच्या. १९८० च्या दशकात रेनॉल्डचा तो प्रसिद्ध बुशही काढून टाकण्यात आला. आता आतल्या पट्ट्यांनाच भोकाभोवती काठ उभारतात आणि दोन्ही बाजूंचे दोन अर्धे काठ मिळून बुशाचे काम करतात. त्यामुळे साखळी कडेला वाकू शकते आणि गिअर बदलणे सुलभ होते.

भारतात या साखळ्या उशिरा आल्या. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत, त्या राजांपैकी अनेकांचे गिअर कोठून कोठून मिळवलेले असत. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरची उरलेली संख्यात्मक बंधने उठली आणि नंतरच्या दशकात गिअरची परदेशी सायकल तालुक्याच्या गावापर्यंत आली. सायकल आली, पण आमच्या प्रकरणात जे उघडे पडले ते हे, की तिच्याबरोबर खिळा आणि नट निकामी झाला. बारीक साखळीत पिनेची टोके पट्टीला जवळजवळ समपातळीत असतात आणि फुगवून बसवलेली असतात. पीन ठोकून काढली की भोकाचा काठ खरवडला जातो. तीच पीन पुन्हा घातली तर बसल्यासारखी दिसते आणि घाटात दगा देते. जोडण्यासाठी नवी खास पीन लागते, नाही तर हाताने जुळवायची जोडकडी. आमच्यापैकी एकाने हे माहीत नसताना गच्चीवर बसून, लहानपणच्या आठवणीने, हातोडी आणि खिळ्यानेच ती नवी साखळी कापली आणि तीच पीन परत ठोकली होती. म्हणजे घाटात घसरण्याऐवजी ती तुटलीही असती. शहरातल्या दुकानदाराने एक छोटी पुडी बरोबर दिली होती. तिच्यात जोडकडी होती. आम्ही ती उघडलीच नव्हती.

दुसऱ्या रविवारी जुनी साखळी घेऊन आम्ही पुन्हा पाचगणीला गेलो. या वेळी एस.टी.ने, सायकल टपावर. मिस्त्रींनी साखळी खिळ्याला लटकवली आणि तिच्यावर शिंप्याकडे असते तशी पोलादी फूटपट्टी धरली. शून्याच्या रेषेवर एका पिनेचा मध्य. नव्या साखळीत बारा इंचांच्या रेषेवर बरोबर चोविसाव्या सांध्याची पीन यायला हवी. आमची पीन पुढे गेली होती. "एक सूत," ते म्हणाले. "अर्धं सूत गेलं की चेन टाकायची. एक सूत गेलं म्हणजे ती दाते पण खाऊन बसली."

साखळी ताणून लांबत नाही, हे येथे स्पष्ट करायला हवे, कारण मराठीत आपण 'चेन लांबली' असेच म्हणतो. पोलादी पट्टी आहे तेवढीच राहते. प्रत्येक सांध्यात पीन आणि तिचे घर झिजते. पाचगणीचे पठार जांभ्याचे. त्याची तांबडी धूळ तेलात मिसळली की तिचा पॉलिश-कागद होतो. चोवीस सांध्यांत एक सूत म्हणजे दर सांध्याला मिलिमीटरचा साधारण आठवा भाग. डोळ्याला न दिसणारी ही झीज एकत्र झाली की अर्धा इंच हा अर्धा इंच उरत नाही, आणि वाढलेल्या साखळीच्या मापाने दातेही स्वतःला कोरून घेतात. दोघे मिळून बिघडतात, म्हणून बिघडल्याचे कळत नाही. जुनी साखळी जुन्या दात्यांवर कुरकुर न करता चालत होती. आम्ही नवी, खऱ्या अर्ध्या इंचाची साखळी त्या खोट्या झालेल्या दात्यांवर बसवली आणि भार पडताच ती वर चढून घसरली. दोष नव्या साखळीचा नव्हता. तीच एकटी खरे माप सांगत होती. मनातल्या मनात आम्ही त्या दुकानदाराची क्षमा मागितली. प्रत्यक्ष मागायला अजून धैर्य झालेले नाही.

मागच्या चक्रांचा नवा संच आणि तो खोलण्याचा खाचांचा पाना आम्ही पुण्याहून आणला होता. संच दहा चक्रांचा, म्हणून साखळीही दहाचीच. अकराची थोडी बारीक असल्याने पुष्कळदा चालून जाते, आठ-नऊची रुंद असल्याने शेजारच्या चक्राला घासते. आमची ठोकलेली साखळी मिस्त्रींनी हातात घेतली, ती पीन शोधली आणि काही न बोलता बाजूला ठेवली. पाकिटातली दुसरी, ११६ कड्यांची, काढली. ती किती कापायची यासाठी जुनी आणि नवी शेजारी लांब पसरायला आम्ही निघालो, तेव्हा त्यांनी थांबवले: लांबी धरू नका, कड्या मोजा. आमची जुनी साखळी ११० कड्यांची होती. खरी लांबी ५५ इंच. झिजून ती त्याहून अर्ध्या इंचापेक्षा थोडी अधिक झाली होती. लांबीला लांबी लावली असती तर १११ वी कडी ठेवावी लागली असती, आणि आत-बाहेर अशा आलटून-पालटून येणाऱ्या कड्यांत विषम संख्येची दोन टोके एकमेकांना जुळतच नाहीत. झिजलेल्या वस्तूवरून नव्या वस्तूचे माप घेऊ नये, हे मूळ मूर्ती खंडित झाल्यावर नवी घडवणाऱ्या पाथरवटाला माहीत असते. पाठभेदांवर शिकवणाऱ्या आम्हांला ते सायकलच्या दुकानात कळावे, हा काव्यगत न्याय म्हणायचा.

मिस्त्रींनी दहा चक्रांच्या सायकलला त्याआधी फारसा हात लावलेला नव्हता. ते त्यांनीच सांगितले. जोडकडी त्यांनी दोन-तीनदा उलटसुलट करून पाहिली आणि मग हसून म्हणाले, "हे तर आपलंच चेनलॉक की! फक्त पट्टी नाही." साखळी मागच्या दोन छोट्या कप्प्यांतून ओवली, कडीचे दोन भाग जुळवले, मागचा ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि पायडलवर एक जोराचा दाब दिला. खट् असा आवाज होऊन कडी बसली. हातोडी लागली नाही.

हे सगळे शेवटी घडले. त्याआधी जुना संच निघायलाच पाऊण तास गेला, आणि लेख लिहावासा वाटला तो या पाऊण तासामुळे. संच खोलताना चक्रे उलटी फिरू नयेत म्हणून ती धरून ठेवावी लागतात. त्यासाठी मिस्त्रींकडे एक हत्यार होते: लोखंडी पट्टी आणि तिच्या टोकाला बोल्टने जोडलेला जुन्या काळ्या सायकलच्या चेनचा वीतभर तुकडा. दात्यांवर ते बरोबर बसले असते, कारण अंतर तेच अर्धा इंच. पण आमची चक्रे इतकी जवळजवळ की ती रुंद चेन त्यांच्या फटीत शिरेना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग खिळ्याला लटकणारी आमची झिजलेली साखळी काढली, तिचा वीतभर तुकडा तोडला, पट्टीवरचा जुना तुकडा सोडवून त्या जागी तो जोडला आणि चक्राभोवती घातला. एक सूत वाढलेली होती तरी एवढ्या तुकड्यात ते जाणवण्यासारखे नव्हते. पाना लावला, आमच्यापैकी एकाने पट्टी धरली, दुसऱ्याने जोर लावला, आणि त्याच साखळीने कोरून खराब केलेली ती चक्रे तिच्याच तुकड्याने धरून मोकळी झाली.

मजुरी विचारली तर त्यांनी पन्नास रुपये सांगितले आणि उरलेली जुनी साखळी ठेवून घेऊ का, असे विचारले. गिअरच्या सायकली आता येऊ लागल्या आहेत, म्हणाले. दुसरे हत्यार करायला उपयोगी पडेल. पहिले हत्यार भिंतीवर, रुंद चेनच्या तुकड्याशेजारी, टांगलेले असते. आम्ही घाट उतरताना मात्र दोन्ही ब्रेक धरूनच उतरलो.